रिकाम्या जागेचं पोतं

लाखनीच्या तांदळाच्या गोदामात मालमोजणी म्हटली की हमाल प्रत्येक पोत्याला हात लावत फिरायचे आणि बाहेर ट्रक दोन-तीन दिवस ताटकळायचे. यंदा नागपूरहून निरोप आला: मोजणी एका दिवसात आणि बिनचूक झाली तरच गोदाम रुपाकडे राहील, नाहीतर दुसरा माणूस येईल. रुपा अड्याळची. ही नोकरी तिनं भांडून मिळवली होती आणि तिला ती हवी होती.

तिनं सगळ्या थप्प्या एका मापाच्या रचून घेतल्या. म्हणजे पोती न मोजता थप्प्या मोजल्या की झालं. रिकाम्या जागांवर तिनं स्वतः खडूनं फुल्या मारल्या, तिकडे कुणी फिरकायचंच नाही. जेवणाच्या सुट्टीआधी मोजणी संपली. दोनदा केली, दोन्ही आकडे जुळले. फक्त कम्प्युटरमधल्या आकड्यापेक्षा एकवीस पोती कमी भरली.

तपासणीला आलेले चंद्रकुमार साहेब एका फुलीपाशी थांबले.

"हे काय आहे?"

"रिकामी जागा," रुपा म्हणाली.

"पोतं आहे."

"हो. रिकाम्या जागेचं."

साहेबांनी हमालांचा मुकादम इश्वर याला बोलावलं. "ही जागा कशी आहे?"

"रिकामी हाय जी."

"मग पोतं काहून ठेवलं?"

"धान्याची जागा उगडी पाडत नाही, साहेब. तुमच्या घरची कोठी झाडून-पुसून मोकळी करता का जी?"

साहेबांनी पोती उचलायला सांगितली. हमालांच्या कमरा एकदम धरल्या. चूक इश्वरची असती तर निदान रागावता आलं असतं. पण फुल्या तिच्याच हातच्या होत्या, आणि फुली मारताना पोतं दिसत असूनही हात अडखळला नव्हता. घरी तळाशी चार पसे धान उरलं की आई कोठी रिकामी झाली म्हणते.

जेवणाची सुट्टी झाली. साहेबांनी डबा आणला नव्हता. रुपानं आपला पुढे केला. मान खाली घालून त्यांनी पोळ्या आणि वांग्याची भाजी संपवली, डबा धुतला, पुसला, आणि तो हातात धरून उभेच राहिले. मग सगळे खिसे चाचपले. शेवटी खोकल्याची एक गोळी सापडली. ती डब्यात टाकून त्यांनी झाकण लावलं आणि डबा परत दिला.

रुपानं उघडून पाहिलं. "साहेब, हे काय आहे?"

"रिकामा डबा," साहेब म्हणाले.

"फुल्या किती आहेत?" साहेबांनी विचारलं.

"एकवीस."

"मिळवा. पुढच्या वेळी फुलीमागे एक पोतं आधीच धरत जा. वेळ वाचेल."

उन्हं उतरायच्या आत ट्रक सुटले.

संध्याकाळी आईनं डबा घासायला घेतला, तर आत गोळी. "खोकला कोनाले झाला वं?"

"कोनालेच नाही," रुपा म्हणाली. "गोदाम माह्याजवळच रायलं."