नावाचा रकाना

नियम माझाच होता, हे आधीच सांगून टाकतो. कार्डावर नाव नसेल तर औषध नाही आणि खाटही नाही. कोपरगावजवळच्या आमच्या साखर कारखान्यात कामगारांचा आरोग्य निधी निघाला, तेव्हा मी, सूर्यभान, त्याचा कारकून झालो. लोक मेव्हण्याची, भाच्याची पोरं आपली म्हणून दवाखान्यात नेऊ लागले, तसा गावातल्या खासगी दवाखान्याशी झालेल्या करारात मी हा नियम घातला. रकान्यात नाव, खाली आईचा किंवा बापाचा अंगठा. मला त्याचा फार अभिमान होता.

१९७२च्या मार्चमध्ये त्याच नियमावरून जुंपली. कारखान्याच्या गव्हाणीवर गाळपासाठी उसाच्या मोळ्या टाकणाऱ्या कानिफनाथची बायको राहीबाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली. तिचं नाव कार्डावर होतं, पोराचं नव्हतं. दवाखान्याच्या डॉक्टर राधाकृष्णांनी लिहिलं, मूल जन्मलं की ते कुटुंबातलंच. मी उलट लिहिलं, आधी नाव लावा, मग कुटुंबातलं. तीन आठवडे कागद इकडून तिकडे गेले. शेवटी डॉक्टरांनी कळवलं की उद्या सकाळी दहाला आई आणि मूल, दोघांनाही घरी पाठवतो.

मी तणतणतच सायकल काढली. बारशाचा बारावा दिवस कधीच उलटून गेला होता. एक नाव ठेवायला यांचं जातं काय?

डॉक्टर दारातच भेटले. तेही माझ्याइतकेच तापलेले. "गेल्या वर्षी तुमच्या निधीचे चार पेशंट असेच फुकट सांभाळले. आता नाही. त्या पोरापाशी रात्रंदिवस माणूस बसवावा लागतो मला."

"माणूस कशाला? आई आहे की."

"आत जाऊन बघा," ते म्हणाले आणि निघून गेले.

आत खिडकीशी चहाची रिकामी पेटी होती, तिला वरून काच बसवलेली आणि आत विजेचे दोन दिवे. खाली कापूस, आणि कापसात ते. माझ्या वितीहून थोडंसंच मोठं. बोटं काडेपेटीतल्या काड्यांएवढी, पण प्रत्येकाला नख होतं. मेहताबबी नावाची म्हातारी आया शेजारी बसली होती. तिचा एक हात पेटीच्या बाजूच्या भोकातून आत, पोराच्या तळव्याशी.

"हे काय करताय?"

"दम घ्यायचा इसरतंय ते, भाऊसाहेब. इसरलं की टिचकी मारायची."

मी हसणारच होतो. तेवढ्यात ती इवलीशी छाती थांबली. ओठ निळसर झाले. मेहताबबीनं तळव्यावर टिचकी मारली आणि छाती पुन्हा हलली. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "एकवीस दिस झाले," ती म्हणाली. "म्या, दुसरी आया आन् ह्याची आय. पाळीपाळीनं."

मग तिनं मला साबणानं हात धुवायला लावले. "जरा बसा. म्या दूध गाळून आन्ते."

नाही कसं म्हणणार? बसलो, हात भोकातून आत घातला. सगळं जग त्या छातीएवढं झालं. ती वर येई, खाली जाई. मीही तिच्याबरोबर श्वास घेत होतो. आणि ती थांबली. मी टिचकी मारली. काही नाही. आणखी एक मारली, जरा जोरात. पोरानं पाय आखडला, तोंड वाकडं केलं आणि श्वास घेतला.

डोळे भरून आले, पण ते पुसायला धुतलेला हात तोंडाला लावता येईना. भंडारदऱ्याचं धरण भरलेलं पाहिलंय मी, कारखान्याच्या धुराड्यातून पहिला धूर निघालेला पाहिलाय. पण इतकं मोठं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते अडीच पौंडांचं होतं.

मेहताबबी परतल्यावर मी त्याच खोलीत पलीकडे असलेल्या राहीबाईच्या खाटेशी गेलो. इतका वेळ ती माझ्याकडेच बघत होती.

"बाई, एक नाव सांगा. तेवढ्यावर अडलंय."

"न्हाई सांगनार." तिचा आवाज बारीक, पण पक्का होता. "पयल्याचं नाव ठिवलं, आठ दिसांत गेला. दुसरीचं ठिवलं, ती बी गेली. नाव ठिवलं की वरून हाक येती. ह्याला अजून कुनी वळखत न्हाई, म्हनून ऱ्हायलाय."

"मी काहीतरी खोटंच लिहितो."

"खोटं बी नावच की ते. आन् अंगठा माजा."

एरवी मी असल्या बोलण्यावर तासभर झाडलं असतं. पण त्या खोलीत शहाणपणा सुचेना. नाव नाही लावलं तर उद्या दहाला हे पोर पेटीतून बाहेर येणार होतं, तेही माझ्या नियमानं. मी कागद काढला आणि रकान्यात लिहिलं, सूर्यभान.

"काय लिवलं?"

"माझं नाव. वरून हाक आलीच, तर ती माझ्याकडं येईल."

ती ताडकन उठून बसली. "नगं, भाऊसाहेब! तुमाला बी लेकरं हायती."

"अंगठा लावा, बाई."

तिनं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं अंगठा उमटवला, आणि मग त्याच हातानं माझ्या पायाला स्पर्श केला. मी पटकन मागे सरलो. डॉक्टरांनी नाव वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

पोर पाच पौंडांचं होऊन घरी जायला आणखी दोन महिने लागले. मी देवभोळा नाही, तेव्हाही नव्हतो. पण ते दोन महिने कारखान्यात, बाजारात, कुणीही "सूर्यभान" म्हणून हाक मारली, की मी हातातलं काम टाकून मोठ्यानं ओ देत असे. दुसऱ्या कुणी द्यायच्या आत.