कापलेली नावं

"मामा, ही नावं उंदरांनी खाल्ली का हो?" एका चष्मेवाल्या विद्यार्थिनीनं संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

ग्रंथालयाचे बाइंडर मामा खळीचे हात पुसत पुढे आले. साहित्याच्या बाईंनी यंदा निबंधाऐवजी वर्गाला वेगळाच उद्योग लावला होता. कॉलेजची जुनी हस्तलिखित वार्षिकं स्कॅन करून संगणकावर उतरवायची. एकच पान दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं आणि दोघांचं जुळलं नाही की तिथे लाल खूण उमटायची. या अंकात तर प्रत्येक कवितेखाली लालच लाल. कवींच्या नावांच्या जागी नुसती अक्षरांची टोकं उरली होती.

मामांनी पानाची कापलेली कड नीट पाहिली. उंदीर काही इतकं सरळ कुरतडत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून त्यांनीच कटिंग मशीनचं पातं जरा आत घेतलं होतं. पुढे चौतीस वर्षं त्याच सफाईची शाबासकी मिळवली. निवृत्तीला दोन महिने उरलेले. गप्प बसले असते तर कुणाला कानोकान खबर लागली नसती. चष्मेवालीनं नुकसानीच्या रकान्यात 'उंदीर' लिहूनही टाकलं होतं.

"खोड ते, पोरी," मामा म्हणाले. "मी कापलीत. माझ्या हातानं."

सगळ्या माना मामांकडे वळल्या. मामांचे कान तापले. भर वर्गात आपली अब्रू गेली, असं त्यांना वाटलं.

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "नाहीतर या पोरांनी बिचाऱ्या उंदरांवर प्रबंध लिहिला असता."

सगळे हसले. मामाही हसले, पण खाली बघूनच.

"बाई, त्या वर्षांची वाचकांची कार्डं आहेत," ते थोड्या वेळानं म्हणाले. "रद्दीत काढा म्हणाले होते, माझं मन झालं नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं नाव लिहिलंय. कविताही ज्याच्या त्याच्या हातच्याच ना?"

मग तीन आठवडे दुपारभर कार्डं आणि कविता शेजारी शेजारी ठेवून अक्षरं जुळवणं चाललं. पोरं पडद्यावर मोठं करून बघायची, मामा भिंगातून.

"ही वेलांटी बघ, कशी ऐटीत मागे वळलीय. हाच तो!"

"मामा, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं!"

मामांना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. एकोणीस कवितांपैकी सोळांचे धनी सापडले. बाईंनी नोंदीत 'बाइंडिंगमध्ये चुकून कापले' असं मोघम लिहिलं, तेव्हा मामांनी पुढे स्वतःचं पूर्ण नाव घालायला लावलं.

तीन कवितांचे धनी काही केल्या सापडले नाहीत. शेवटच्या दिवशी पोरं निघून गेली, तरी मामा पडद्यासमोरच उभे होते. इतकी वर्षं हजारो पानं त्यांच्या हातांखालून गेली. वाचायला कधी सवड झाली नव्हती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि बिननावाची पहिली कविता हळूहळू, ओठ हलवत वाचायला घेतली.