झाकणाच्या आतला त्रिकोण

त्यांना सगळे मिनिटकाका म्हणत. का, तर घड्याळ दुरुस्तीला कुणी आणलं की ते मान वर न करता म्हणत, “एक मिनिट.” त्या एका मिनिटाला कधी चार दिवस लागत, कधी पंधरा. पण काम चोख. त्याबद्दल कुणी ब्र काढत नसे. आता शुक्रवारी त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि लेकीने त्यांचं डोकं खायला घेतलं होतं.

“बाबा, साठीच्या आत काय काय करायचंय ते लिहून काढा. आमच्या ऑफिसात सगळे लिहितात.”

“मला काय करायचंय? जेवायचंय, झोपायचंय.”

“लिहा म्हणते ना!”

लेकीपुढे कुठल्या बापाचं चाललंय? बसले लिहायला. एक, गुडघा डॉक्टरला दाखवणे. दोन, दुकानाच्या शटरला रंग. तीन, पोहायला शिकणे; हे तिनेच बळेबळे घालायला लावलं. चौथ्याला पेन अडलं. मग मिनिटकाका ताठ बसले आणि अगदी वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: धाकट्याला माफ करणे.

लेकीचे डोळे भरून आले. “खरंच, बाबा?”

“मोठ्याने मन मोठं करायचं नाही तर कुणी?” मिनिटकाका म्हणाले. स्वतःवर इतके खूश झाले की चहात साखर दोनदा घातली.

माफ कशाबद्दल, ते सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी मिनिटकाका आणि त्यांचा धाकटा भाऊ वडिलांच्या, अण्णांच्या, हाताखाली एकाच टेबलाशी बसत. वडिलांचा दंडक होता: दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणाच्या आत सुईच्या टोकाने तारीख आणि आपली खूण कोरायची. थोरल्याचा त्रिकोण, धाकट्याचा गोल. पुढे काही बिघडलं तर कुणाचा हात लागला होता ते कळावं म्हणून. आणि दुसरा दंडक असा, की झाकण उघडून बघितल्याशिवाय घड्याळाबद्दल बोलायचं नाही.

एके सकाळी एक हेडमास्तर तणतणत आले. दुरुस्त करून नेलेलं घड्याळ आठ दिवसांत बंद पडलं होतं, आत काहीतरी खुळखुळत होतं. दुकानात गिऱ्हाइकं, समोर वडील. थोरला पटकन म्हणाला, “हे धाकट्याचं काम. स्क्रू आवळायचा कंटाळा आहे त्याला.”

धाकट्याने घड्याळ हातात घेतलं. झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा बंद केलं आणि टेबलावर ठेवून दिलं. तोंडातून अक्षर नाही. बोलणार कुठल्या तोंडाने, असं थोरल्याला वाटलं. हेडमास्तर “तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही” म्हणत घड्याळ घेऊन निघून गेले. वडील रागात आपलाच दंडक विसरून धाकट्याला नको नको ते बोलले. संध्याकाळी तो बायकोला घेऊन घराबाहेर पडला, तो पडलाच. वडील गेले तेव्हा आला, पण थोरल्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चूक ह्याची आणि तोराही ह्याचाच! मिनिटकाकांनी हा राग बावीस वर्षं अगदी तेलपाणी करून चालू ठेवला होता.

बुधवारी दुकानात एक वयस्कर बाई आल्या. हेडमास्तरांच्या पत्नी.

“हे गेले गेल्या महिन्यात,” त्या म्हणाल्या. “कपाटात हे सापडलं. रागारागाने ठेवलं ते कधी कुणाला दाखवलंच नाही त्यांनी. चालेल का हो? मला जवळ ठेवायचंय.”

“एक मिनिट,” म्हणत मिनिटकाकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण उघडलं.

आत तारीख होती. तारखेशेजारी त्रिकोण होता.

त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. पण भिंग पुसल्याने त्रिकोणाचा काही गोल होत नाही. खाली न आवळलेला स्क्रू सुटून पडला होता, इवलासा. मिनिटकाकांचे कान तापले. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

“होईल ना?” बाईंनी विचारलं.

“चूक माझी होती,” ते म्हणाले.

“अहो, चूक कसली? जुनं झालंय ते.”

गुरुवारी दुकान बंद ठेवून ते धाकट्याच्या घरी गेले. चार जिने गुडघा बोंबलत होता. दार भावजयीने उघडलं आणि ती बाजूला झाली. धाकटा खिडकीशी बसला होता. केस सगळे पांढरे. मिनिटकाका वाटभर बोलणं जुळवत आले होते. त्यांनी नुसतं झाकण उघडून घड्याळ त्याच्यासमोर धरलं.

“माहितीय,” धाकटा म्हणाला. बघितलंही नाही त्याने.

“मग तेव्हाच का बोलला नाहीस रे?”

“मी बोललो असतो तर अण्णांनी तुला झोडपलं असतं, सगळ्यांदेखत. म्हटलं, दादा आपणच उघडून बघेल. मी उघडलं तेव्हा तू शेजारीच होतास. हात पुढे करायचा होता फक्त.” तो थांबला. “पहिली दोन वर्षं दारावर थाप पडली की वाटायचं, दादा आला. मग सोडून दिलं.”

मिनिटकाका रडायला लागले. साठीचा माणूस, नाक पुसायला रुमालही सापडेना. भावजयीने पाणी आणून दिलं.

“तूच दुरुस्त कर हे,” ते कसेबसे म्हणाले. “तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मला माहीत होतं ते. तेव्हाही माहीत होतं.”

धाकट्याने दोन्ही हात पुढे केले. गोदामात वीस वर्षं खोकी उचलून बोटं जाड झाली होती, उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. “ह्यात चिमटा राहील का, दादा?”

मिनिटकाकांनी ते बोट धरलं. त्याने धरू दिलं, पण थोडाच वेळ.

“मला माफ कर,” ते म्हणाले.

“बघू,” धाकटा म्हणाला. “आता जा. जिन्यात अंधार आहे, सांभाळून उतर.”

शुक्रवारी सकाळी लेक यादी आणि पेन घेऊन आली. “काकाकडे जाऊन आलात ना? मग चौथं खोडू?”

“खोडू नकोस,” मिनिटकाका म्हणाले. “माफ करायचं ते त्याने. तो बघू म्हणालाय.”