साक्षीदार एकच

भगवान ओव्हाळ एकाहत्तरच्या लढाईतून मांडीत गोळी घेऊन परतले. पुढे रेल्वेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर एकाच कामाला वाहून घेतलं. ठाणे-कल्याण पट्ट्यातून लढायला गेलेल्या जवानांच्या हकीकती पुस्तकासाठी लिहून काढायच्या. कोपरच्या दोन खोल्यांतून निघून ते गावोगाव फिरले. कागद बघितल्याशिवाय तारीखसुद्धा लिहायची नाही, हा त्यांचा हट्ट.

पुस्तकातलं एकच पान त्यांनी कागदाविना लिहिलं. त्यांच्याच पलटणीतल्या आनंद भालेरावचं. आनंद पडला तेव्हा भगवानराव इस्पितळात होते. टेकडीवरच्या खंदकात आनंदसोबत होता तो त्र्यंबक. जखमी भगवानला खांद्यावर टाकून दोन कोस चाललेला माणूस. त्याच्याकडे कागद काय मागायचा? त्र्यंबकने सांगितलं, आनंद घाबरला, मशीनगन टाकून पळाला आणि पळताना मेला. इतिहासात मित्राचीही भीड धरू नये, असं म्हणत भगवानरावांनी जड मनाने तसंच छापलं.

त्याला तेरा वर्षं झाली. गेल्या फेब्रुवारीत आनंदची नात प्रियांका त्यांच्याकडे आली. आजीच्या पेन्शनच्या कागदांत तिला एक इंग्रजी पत्र सापडलेलं, आनंदच्या लेफ्टनंटने बहात्तर साली लिहिलेलं. भगवानराव उभ्यानेच वाचू लागले आणि अर्ध्यात खाली बसले. पत्रात होतं, साथीदार गोळ्या आणायला खाली गेला, तो परतू शकला नाही. आनंदने एकट्याने मशीनगन चालवत ठेवली, म्हणून मागचे नऊ घायाळ वाचले. साहेबाने कुणालाच दोष दिला नव्हता.

"इतकी वर्षं हे कुणी वाचलं नाही?"

"वाचलेलं ना, आजोबा. त्र्यंबकआजोबांनीच आजीला वाचून दाखवलेलं. म्हणाले, यात ते पळाल्याचं लिहिलंय, कुणाला दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी भगवानराव बाळकुमला त्र्यंबककडे गेले. पत्र बघताच त्र्यंबकने टीव्ही बंद केला.

"मी खाली गेलेलो," तो म्हणाला. "परत वर जाववलं नाही. तू तिथे नव्हतास, भगवान."

"नव्हतो. म्हणून तर तुला विचारलं."

एकदा आनंदच्या बायकोला, शांताबाईला, तसं सांगितल्यावर पुढे सगळ्यांना तेच सांगावं लागलं, असं त्र्यंबक म्हणत राहिला. निदान मी मरेपर्यंत थांब, अशी त्याने गळ घातली. सुनेने आणलेला चहा भगवानरावांनी घेतला नाही. त्याने आपल्याला खांद्यावर वाहून आणलं होतं, हे मात्र खरं होतं. तेही खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना जिना उतरताना वाटलं.

तिथून ते कल्याणला शांताबाईंकडे गेले. पत्र मराठीत करून दोनदा वाचलं. म्हातारी मान खाली घालून ऐकत होती.

"भाऊजी, मी पन्नास वर्षं त्यांच्या फोटोला हार घातला नाही," ती म्हणाली. "त्र्यंबकाचं सोडा. तुम्ही तर घरोघर फिरत होता. माझ्या दारात एकदा यायचं होतं."

भगवानराव घरी परतले. त्यांनी ते पान नव्याने लिहिलं. त्यात त्र्यंबकचं नाव घातलं, आणि लेखकाने आनंदच्या घरी न विचारता विश्वास ठेवला, हेही. आता पुस्तक ज्या ज्या घरी आणि वाचनालयात गेलं, तिथे ते स्वतः जाऊन जुन्या पानावर नवं चिकटवतात. अधूनमधून त्र्यंबकचा फोन येतो. ते तो वाजू देतात.