साडूची बैठक

व्यायामाच्या स्पर्धांतली पंचमंडळी आपल्यातल्या या एकाला मोजपट्टी म्हणत. बैठक मारताना मांडी गुडघ्याच्या खाली गेली नाही, की याचा हात आडवा आणि तोंडात एकच शब्द, "बाद!" घरी बायकोनं चादर घातली तरी हा वाकून कोपरे तपासायचा. बायको म्हणायची, "यांना स्वर्गात धाडलं तरी दाराची चौकट तिरकी आहे म्हणून परत येतील."

अशा माणसाची नशिबानं थट्टा करावी? उपांत्य फेरीत त्याचा साडू उतरला, आणि त्याच्यासमोर पंच म्हणून चिठ्ठी निघाली ती नेमकी याचीच. धावतपळत तो मुख्य पंचबाईंकडे गेला. बाईंनी नियम पाहिला. आईवडील, भावंडं, नवरा-बायको चालत नाहीत. साडूचा उल्लेखच नाही.

"आणि साडूत कसलं आलंय हो प्रेम?"

"छे छे, प्रेम कसलं!" मोजपट्टी घरी नेहमी म्हणायचा तेच म्हणाला. साडू म्हणजे एक नंबरचा बढाईखोर. जेवायला बसला तरी दंड फुगवून दाखवणार, आणि सासरे त्याच्यावरच खूष!

मेहुणीनं मात्र गाठलंच. "भाऊजी, तीन वर्षं रक्ताचं पाणी केलंय हो त्यांनी. आज अंतिम फेरी गाठायचीच आहे." बायकोनं तर दमच भरला, "बाद द्याल, तर घरी तुम्ही बाद!" आणि दोघी बहिणी पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

शिट्टी झाली. पत्र्याच्या छताखाली नुसती भट्टी पेटली होती. खांद्यावर वजनाचा लोखंडी बार घेऊन बसायचं, उठायचं, बार डोक्यावर न्यायचा. मोजपट्टी डोळ्यांत तेल घालून बघत होता. एकेक बैठक कशी चोख! लेकाच्यात दम आहे, हे त्याला मनातल्या मनात का होईना, कबूल करावं लागलं.

पण थोडक्या बैठका उरल्या असताना साडूचा घाम एकदम आटला. नजर हरवली, आणि बार डोक्यावर असतानाच तो स्वतःशी हसला. हा उष्माघात, मोजपट्टीनं ओळखलं. त्यानं हात हलवून डॉक्टरांना हाका मारल्या, पण डॉक्टर पार दुसऱ्या टोकाला. थांबवायचा अधिकार त्यांचाच. आणि "थांब रे" म्हटल्यावर हा गडी थांबतोय होय! बार मानेवर आला असता म्हणजे?

साडू पुन्हा बसला, उठला. बैठक चोखच होती.

"बाद!"

"काय?"

"बाद! आपल्या सासूबाईसुद्धा याच्यापेक्षा खाली बसतात!"

साडूचं डोकं सणकलं. बार धाडकन खाली आदळून तो तरातरा आला, मोजपट्टीची कॉलर धरली, आणि तिथेच त्याचे गुडघे दुमडले. मोजपट्टीनं त्याला कवेत झेललं.

अंतिम फेरी हुकली. बर्फात बसवलेल्या साडूला डॉक्टर म्हणाले, "मान वाचली, नशीब समजा."

मोजपट्टीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून पंचबाईंसमोर ठेवलं. "बैठक चांगली होती. चिडून बार टाकेल म्हणून मी मुद्दाम खोटा बाद दिला."

बाईंनी चित्रफीत लावली. एकदा पाहिली, दोनदा पाहिली. "अहो, मांडी चांगली दोन बोटं वर आहे. बादच की ही."

मोजपट्टीनं डोळे चोळले. "पण मला तर चोख दिसली!"

"थांबा, आधीच्याही बघू."

बर्फातून क्षीण आवाज आला, "साडूभाऊ, त्या नका हो बघू."

मेहुणी रडता रडता फिसकन हसली. बायको पुढे झाली, नवऱ्याची चुरगळलेली कॉलर सारखी करत म्हणाली, "आणि म्हणे, प्रेम कसलं!"