चार बोटांचा फरक

आपला नवरा मूर्ख निघावा म्हणून देवाला हात जोडणारी मी एकटीच बाई असेन. तेही झाईच्या खाडीकाठी, भर उन्हात, हातात मोजपट्टी धरून.

आधी नीट सांगते, नाहीतर माझ्यासारखाच तुमचाही गोंधळ व्हायचा. काशीनाथ, म्हणजे आमचे हे, रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते. मी मसोलीला शाळेत गणित शिकवायची. दोघं रिटायर झालो. अशा वेळी लोक घराला रंग देतात, दात बसवतात. यांनी मुंबईहून शिडाची एक जुनी बोट आणली. बावीस फुटांची, आत दोघांना झोपायला फळ्या, एक स्टोव्ह, मधोमध डोलकाठी. नाव ‘मुक्ता’. यंदाच्या थंडीत उत्तरेचा वारा धरला की दोघांनीच तिच्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने मुरुडपर्यंत जायचं, असं ठरलं होतं. बोट यांनी हाकायची. मी स्वयंपाक करायचा आणि घाबरायचं.

जायच्या आधी शिडं आणि डोलकाठीच्या तारा बदलणं भाग होतं. शिडं आधीच्या मालकाच्या वेळची, उन्हाने पापडासारखी झालेली. बोट लावलं की शिवण उसवायची. डोलकाठीला डावी-उजवीकडून ताणून धरणाऱ्या दोन तारा मात्र यांनीच चार वर्षांपूर्वी घातलेल्या. स्वस्तातल्या होत्या, स्वस्तासारख्याच निघाल्या. गंजून त्यांचे बारीक धागे तुटून उभे राहिले होते. हात फिरवला की रक्त. नवी शिडं गोव्याहून शिवून आली, चांगली तार आली, आणि झाईच्या लाहू सुताराने चार माणसं लावून डोलकाठी उतरवली.

जुन्या तारा मापासाठी वाळूवर शेजारी शेजारी पसरल्या. डावी तार उजवीपेक्षा चार बोटं लांब भरली.

“हे काय हो?” मी विचारलं.

“लाहूचं काम,” हे म्हणाले. “त्यानेच कापल्यात.”

लाहू बघतच राहिला. “काका, मी कुठं? मी तर तारंला हात पन नाय लावला. तुमीच कापल्या. मला बोलले, लाहू, तू लाकडाचा मानूस, तू बाजूला ऱ्हा.”

“मी?” हे मोठ्याने हसले. “मी कापल्या असत्या तर एकसारख्या नसत्या का कापल्या?”

पण लाहू खरं बोलत होता. तारा यांनीच कापल्या होत्या. आमच्या गच्चीवर, आठवडाभर खपून. एका तारेचं टोक मी स्वतः धरलं होतं. मध्येच भाजीचं काहीतरी विचारलं तर माझ्यावर खेकसले होते, “बोलू नकोस, आकडा जाईल!” कुठला आकडा, ते मी विचारलं नाही. रागावलेल्या माणसाला आकडे कोण विचारतं?

आता गणित असं होतं. हा चार बोटांचा फरक चुकून पडला असेल, तर माझा नवरा चार वर्षांपूर्वी वेंधळा होता. चालेल. अडतीस वर्षांच्या संसारात वेंधळेपणा काय कमी बघितला? पण फरक मुद्दाम ठेवला असेल, तर तो का ठेवला हे त्याला आठवत नाही, आणि आपण ठेवला हेही आठवत नाही. मग मुरुडच्या वाटेवर, भर समुद्रात, आणखी काय काय आठवणार नाही? म्हणून मी देवाला म्हटलं, बाबा रे, यांना मूर्ख ठरव.

गेल्या महिन्यात हे झाईला येणाऱ्या बसमध्ये बसले आणि वाटेत बोर्डीलाच उतरले. चिकू घ्यायचे होते म्हणाले. चिकू काही आणले नाहीत. आमच्या हर्षदाला फोनवर सांगितलं, तर लेक म्हणाली, “आई, वय झालं की सगळ्यांचंच होतं.” सगळ्यांचं होतं हे मलाही कळतं. मी यांचं विचारत होते.

बरं, विसरतात म्हणावं तर हात बघा यांचे! नव्या शिडाला दोर बांधताना गाठीकडे बघतसुद्धा नव्हते. बगळ्यांकडे बघत, लाहूला जुन्या मालगाड्यांच्या गोष्टी सांगत, एकामागून एक गाठी. मी एक सोडवून बघायला गेले तर सुटेना. ज्याला एवढं सगळं येतं तो माणूस विसरलेला कसा असेल? आणि विसरला नसेल तर खोटं का बोलेल?

“नवी तार कशी कापू?” लाहूने विचारलं. मग हळूच मला म्हणाला, “काकू, काका उगाच नाय करनार. कायतरी असल.”

“काही नसेल,” हे म्हणाले. “चूक ती चूक. दोन्ही सारख्या काप.”

मी यांच्या बाजूने झाले. सांगायला कारण होतंच, गणिताच्या बाईला दोन बाजू समान आवडतात. खरं कारण असं की सारख्या तारांवर डोलकाठी सरळ उभी राहिली असती, तर फरक चुकून पडला होता हे सिद्ध झालं असतं आणि मी त्या रात्री शांत झोपले असते. लांब तार आखूड करता येते, आखूड लांब करता येत नाही, एवढी अक्कल ठेवून आम्ही दोन्ही तारा लांब तारेच्या मापाने कापल्या.

डोलकाठी उभी केली. डावी तार बसली. उजवी ढिली राहिली. तिच्या खालचा पेच यांनी फिरवला, आणखी फिरवला, आटे संपले, तरी ती लोंबतच होती. डोलकाठी डावीकडे कललेली. बाजारातून पिशवी घेऊन येणारी बाई कलते तशी. मी लांब जाऊन पाहिलं, डोळे चोळून पाहिलं. कललेलीच.

मग एकदाचं सुचलं. तारा मोजल्या होत्या, पण तारा जिथे अडकतात त्या पट्ट्या कुणी मोजल्याच नव्हत्या. जन्मभर मुलांना ‘आकृती नीट काढा’ म्हणून ओरडले आणि स्वतः ही गत. मी बोटीच्या काठापासून मोजपट्टी धरली. उजवीकडची लोखंडी पट्टी काठाखाली दोन बोटांवर. डावीकडची सहा बोटांवर.

तेव्हा आठवलं. मुंबईहून बोट ट्रकवर घालून आणताना चारोटीला दुसरा ट्रक डाव्या बाजूला घासून गेला होता आणि ही पट्टी उपटून आली होती. तिथला भाग ठिसूळ झाला म्हणून यांनी ती खाली, मजबूत जागी बसवली असणार, वरून रंग दिला असणार, आणि तेवढीच तार वाढवली असणार. चार बोटं. हाच तो आकडा.

हे माझ्याशेजारी ओणवे झाले. दोन्ही पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि चेहरा उजळला.

“अगं, बघ तरी! पट्टी खाली म्हणून तार लांब. म्हणजे चूक नव्हतीच! ज्याने कोणी केलंय ना, त्याला अक्कल होती.”

लाहूने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

“होती हो,” मी म्हटलं. “फार होती.”

मला रडू फुटलं. वाळू गेली डोळ्यात म्हणून सांगितलं. यांनी फुंकर घालायला माझी पापणी धरली, तेव्हा तर मला आणखीच आवरेना. हा एवढा हुशार माणूस माझा होता आणि ते फक्त मला आणि एका सुताराला ठाऊक होतं.

लाहूने उजवी तार चार बोटं कापली. डोलकाठी सरळ झाली. दुपारी भरतीचं पाणी चढून मुक्ता तरंगली, नवं शीड वर गेलं, आणि आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो. हे सुकाणूशी खुशीत बसले होते.

“चल, चहा टाक,” म्हणाले.

“चहा नंतर. मला हे चालवायला शिकवा.”

“आत्ता? अगं, थंडीला अवकाश आहे. शिकवीन की सावकाश.”

“सावकाश नको. आज शिकवा. आणि सगळं शिकवा. दोर, नांगर, तारा, सगळं.”

ते हसायला लागले. मग माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. शीड फडफडायला लागलं तरी तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी बाजूला सरकले आणि माझा हात धरून सुकाणूच्या दांड्यावर ठेवला.

“दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते,” ते म्हणाले. “हे आधी पाठ कर, अहिल्या. आणि मी कधी उलटं सांगितलं, तर माझं ऐकू नकोस.”