नेड्राने आधी वजन केलं

माझी बायको नेड्रा सव्वीस वर्षं हायवेच्या वजनकाट्यावर नोकरीला होती. प्राइस गावातून खाली जाणारा प्रत्येक कोळशाचा ट्रक तिच्या खिडकीसमोर थांबायचा. मीही तसाच एक ट्रकवाला. पहिल्याच भेटीत तिने माझा चौदाशे पौंड जादा माल पकडला आणि फावडं हातात दिलं. "उतरव," म्हणाली. मी दात काढून म्हटलं, "बाई, एवढ्यानं काय होतंय?" ती म्हणाली, "पुढच्या घाटात ब्रेक तापले की कळेल काय होतंय." मी अर्धा तास फावडं मारलं आणि पुढच्या रविवारी तिला जेवायला घेऊन गेलो. त्याला आता तेहेतीस वर्षं झाली.

तीन वर्षांपूर्वी कोळशावर ताडपत्री बांधताना मी ट्रकवरून पाठीवर पडलो. कमरेखाली आता काही हलत नाही. विजेवर चालणारी खुर्ची आली, घराच्या पायऱ्या गेल्या, उतार आला. या सगळ्याची सवय होते. सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. आमच्या गावाच्या दक्षिणेला स्वेल आहे, लाल दगडांचा मोकळा मुलूख. लग्नापासून आम्ही दर वसंतात तिथे तंबू ठोकून आठ-आठ दिवस राहायचो, ते बंद झालं.

माझा मित्र व्हिटो खाणीच्या वर्कशॉपात वेल्डर आहे. त्याने डोंगरात चालवायच्या माझ्या जुन्या गाडीवर हात फिरवला. दोन सीटची, मोठ्या चाकांची, वर नळ्यांचा सांगाडा असलेली अशी ती गाडी. व्हिटोने ब्रेक आणि गॅस हातात आणले, सीट उचलून बाहेर काढणारी मोटर बसवली, पुढे अडकलेली गाडी ओढून काढणारं दोरखंडाचं यंत्र, मागे जाड पत्रा. व्हिटो कुठलीही गोष्ट पातळ पत्र्यात करतच नाही. झाल्यावर त्याने तिचं नाव ठेवलं, खेचर. मूळची एकोणीसशे पौंडांची गाडी सव्वीसशे चाळीसवर गेली. पण त्या खेचरात बसलो की मी पुन्हा कुणाच्या आधाराशिवाय कुठेही जाऊ शकत होतो.

आता हवा होता तो ट्रेलर. मागच्या अर्ध्यात खेचर राहील, पुढच्या अर्ध्यात आम्ही. पलंग, चूल, संडास. मागची भिंत खाली पडली की तिचाच रॅम्प व्हायचा. खेचर त्यावरून उतरायचं आणि मीही.

तर एप्रिलच्या एका शनिवारी आम्ही दीड तास गाडी हाकून शहरातल्या ट्रेलरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. आमच्या पिकअपमागे जुन्या उघड्या गाड्यावर खेचर बांधलेलं. विक्रेता होता कॉर्बिन नावाचा चाळिशीचा, गोड बोलणारा गडी. त्याने एकदा माझ्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा खेचराकडे, आणि थेट एका चकचकीत ट्रेलरकडे नेलं.

"सर, तुमच्यासाठीच बनवलाय असं समजा."

आणि खरं सांगतो, आत गेल्यावर मलाही तसंच वाटलं. आत एकच लांब दालन, मध्ये भिंत नाही. खुर्ची जागच्या जागी गर्रकन फिरली. संडासाचं दार रुंद. मी आत गेलो, दार लावून घेतलं आणि मिनिटभर तसाच बसलो. घराबाहेर कुठेही गेलो की नेड्राला दाराशी उभं राहावं लागायचं. इथे नसतं लागलं.

बाहेर कॉर्बिन नेड्राला भिंतीतली विजेची शेकोटी दाखवत होता. पडद्यावर खोट्या ज्वाळा नाचत होत्या.

"ऊब येते का हिच्यातून?" नेड्राने विचारलं.

"थोडीशी. पण मॅडम, वातावरण बघा ना!"

"वजन किती?"

"शेकोटीचं?" कॉर्बिन हसला. "आजवर कुणी विचारलं नाही."

नेड्रा दारामागचा छोटा पिवळा कागद वाचायला लागली. ट्रेलरमध्ये किती भार भरता येतो ते त्यावर लिहिलेलं असतं. चौतीसशे ऐंशी पौंड.

"तुमची गाडी सव्वीसशे चाळीस," कॉर्बिन म्हणाला. "आठशे चाळीस उरले. अख्खं स्वयंपाकघर न्या की."

"पाणी?"

"पाण्याची टाकी आहेच, ऐंशी गॅलन!"

"टाकी आहे हो. आतलं पाणी कुणाच्या हिशेबात? सहाशे साठ पौंड होतात त्याचे. शिवाय खेचरासाठीची पेट्रोलची टाकी भरली की एकशे ऐंशी." ती कधी बोटांवर मोजत नाही. "आणि ह्याची खुर्ची. चला, काट्यावर नेऊ."

"काट्यावर? आत्ता?"

"विकत घेतल्यावर नेऊन काय उपयोग?"

कॉर्बिनने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बायकोला आवरावं अशी त्याची अपेक्षा असावी. मी म्हटलं, "बाबा रे, हिने मलासुद्धा आधी वजन करूनच पसंत केलंय. चल मुकाट्यानं."

जवळच खडी-वाळूचं आवार होतं. तिथल्या काट्यावर आम्ही ट्रेलर उभा केला, आमच्याच पिकअपला जोडून. आत खेचर पट्ट्यांनी जखडलेलं, पाणी-पेट्रोल भरलेलं, शेजारी माझी खुर्ची. मी पिकअपमध्ये पुढे बसलो होतो. काटेवाल्याने चिठ्ठी दिली. नेड्राने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"तीनशे चाळीस जादा."

"फक्त!" कॉर्बिन म्हणाला. "मॅडम, एवढ्यानं काय होतंय?"

हे वाक्य तिने हजार वेळा ऐकलं असेल. पहिल्यांदा माझ्याच तोंडून.

"भार जास्त आहे ते एक," ती म्हणाली. "पण दुसरं बघा. पिकअपच्या जोडावर किती टेकलंय? शंभरात सहा. निदान दहा तरी हवेत, बारा असतील तर उत्तम. तुमची चाकं पुढे, आणि खेचर त्यांच्या पार मागे लटकतंय. त्यानं पुढचं टोक वर उचललं जातंय. घाटात आडवा वारा आला की हा ट्रेलर कुत्र्याच्या शेपटासारखा हलेल आणि पिकअपला घेऊन खाली जाईल. हे मी ऐकून सांगत नाही. अशा गाड्या उचलायला मी गेलेली आहे."

कॉर्बिन खोटं बोलत होता असं नाही. बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं.

परत दुकानाकडे निघालो तेव्हा पिकअपमध्ये आम्ही दोघंच होतो. माझ्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. तीनशे चाळीस. माझ्या खुर्चीचं वजन तीनशे चाळीस पौंड आहे.

"म्हणजे खुर्ची नसती तर बसलं असतं," मी म्हटलं.

"एक चमचाही न नेता."

"मला तोच हवाय, नेड्रा."

"तो नाही घ्यायचा."

"त्यातल्या संडासात मी एकटा जाऊ शकतो. तुला कळतंय का मी काय म्हणतोय? तुझ्या काट्यावर त्याचं वजन येत नाही." माझा आवाज चढला. "तीन वर्षं बघतोय. मला उचलायचं, मला चढवायचं, मला मोजायचं. आज तर तू मला सामानातच धरलंस. काट्याच्या चिठ्ठीमागे माझं नाव लिहिलंस, पुढे एकशे नव्वद पौंड!"

तिने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतला आणि थांबवला. ती चिडली की हळू बोलते.

"हो, लिहिलं. माझंही लिहिलंय, खालच्या ओळीत, ते नाही वाचलंस. अरे, तुला घरी ठेवून जायचं असतं तर तुझं वजन कशाला केलं असतं मी? तू येणार आहेस म्हणून केलं. तू येणार, खुर्ची येणार, ते व्हिटोचं लोढणं येणार. त्यातलं एकही कमी करायचं नाही. म्हणून ट्रेलर दुसरा बघायचाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"आणि संडासाचं," ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंस? मला वाटत होतं, मी दाराशी असले की तुला बरं वाटतं."

"मला वाटत होतं, तुला बरं वाटतं."

ती हसली नाही, पण गियर टाकताना तिचा हात क्षणभर माझ्या खांद्यावर आला.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, कुंपणाला टेकून, एक मळकट ट्रेलर उभा होता. आधीच्या ट्रेलरच्या दोन आसांऐवजी तीन आसांवर सहा चाकं, ती चांगली मागे सरकवलेली. नेड्रा सरळ त्याच्याकडेच चालत गेली.

"तो नको मॅडम," कॉर्बिन मागून धावत आला. "नऊ वर्षांचा आहे. कुणीतरी मोटारसायकलच्या शर्यतींना न्यायचा. आत काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे हलका." ती वाकून खालचे लोखंडी गज बघत होती. मग दारामागचा कागद वाचून ती वळली, आणि तिचा चेहरा असा झाला होता जसा मी फार दिवसांत पाहिला नव्हता. "एक्कावन्नशे!"

पुन्हा काटा. कॉर्बिन या वेळी न सांगता आला. जोडावर शंभरात बारा टेकले आणि आणखी बाराशे ऐंशी पौंड भरायला जागा उरली. कॉर्बिनने चिठ्ठी स्वतः दोनदा वाचली.

"आता तुझी पाळी," नेड्रा मला म्हणाली. "वजन जमलं. तू आत जाऊन सांग, राहता येईल का."

आतमध्ये खेचराचा भाग आणि राहायचा भाग यांच्यामध्ये भिंत होती. तिच्यातलं दार बावीस इंच. माझी खुर्ची सव्वीस. संडासाचं दार तर वीसच. मी भिंतीवर वरपासून खालपर्यंत बोटांनी टकटक केलं. सगळीकडे सारखाच पोकळ आवाज. छताचा भार हिच्यावर नव्हता. पातळ फळी नुसती उभी केली होती.

"ही काढायची," मी म्हटलं. "अख्खी. जाड पडदा लावू. संडासाची ही बाजू एक हात इकडे सरकवायची, दार सरकतं करायचं."

"सर, कापाकापी केली तर वॉरंटी जाईल," कॉर्बिन म्हणाला.

"नऊ वर्षांच्या ट्रेलरची?"

"सवय हो, तोंडात बसलंय," तो म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. मग खिशातून टेप काढून त्याने माझ्यासाठी मापं धरली. निघताना नेड्राला हळूच म्हणाला, "मॅडम, तो पहिला चकचकीत ट्रेलर... उद्या एक कुटुंब बघायला येतंय. त्यांच्याकडे अशीच गाडी आहे."

"मग काय करशील?"

"काट्यावर नेईन."

व्हिटोला तीन शनिवार लागले. भिंत गेली, संडास रुंद झाला. रॅम्प माझ्या खुर्चीला फार उभा पडत होता, म्हणून त्याने पुढे जोडायला तीन फुटांचा तुकडा केला. अर्थात जाड पत्र्याचा. नेड्राने तोही घरच्या काट्यावर ठेवला.

"वहिनी, आता माझंही वजन करणार का?" व्हिटोने विचारलं.

"तुझं केलं तर तुला मागेच ठेवावं लागेल," ती म्हणाली. "गोड खायचं कमी कर."

मे महिन्यात आम्ही निघालो. गाडी नेड्राच चालवत होती. उतारावर उजवीकडून वारा सुटला, धूळ रस्त्यावरून आडवी धावायला लागली. मागून एक मोठा ट्रक आम्हाला घासून पुढे गेला. मी दाराची कडी घट्ट धरली. ट्रकवाल्याला त्याच्या पाठीला कळतं की मागचं ओझं काय करतंय. माझी पाठ आता अर्धीच बोलते, तरी तिने सांगितलं. मागे काहीच हललं नाही. ट्रेलर शिकवलेल्या बैलासारखा मागून येत होता.

"झोपलास तरी चालेल," नेड्रा म्हणाली.

दरीच्या काठापासून मैलभर अलीकडे आम्ही मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मी पहाटेच जागा झालो. नेड्रा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. मी स्वतःला खुर्चीत घेतलं, संडासात जाऊन आलो, पडदा सारला. बटण दाबलं तशी मागची भिंत सावकाश खाली गेली आणि समोर उजाडत असलेला लाल मुलूख उघडला. खुर्चीतूनच खेचराचे पट्टे सोडले, त्याला वेळ लागला. खेचराच्या सीटने मला उचलून आत ठेवलं. मग मी इंजिन सुरू केलं.

काठावर जाऊन बसलो. खाली हजार फुटांवर नदी तारेएवढी दिसत होती. कुणी मला तिथे आणलं नव्हतं. दगडांवर उन्हं उतरेपर्यंत बसलो आणि भूक लागली तसा परत आलो.

नेड्रा बाहेर चूल मांडून बटाटे परतत होती.

"आवाजाने जाग आली होती मला," ती म्हणाली.

"मग उठली का नाहीस?"

"कशाला?" तिने बटाटे उलटले. "पाणी घेतलं होतंस बरोबर?"

"नाही."

"मूर्ख आहेस. उद्या घेऊन जा."

चार दिवसांसाठी गेलो होतो, नऊ राहिलो.